पिण्यास योग्य

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. एकतीस वर्षं मी दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळायचं काम केलं. ‘मी धुतलंय हो’ असं जो न विचारता सांगतो त्याने हमखास धुतलेलं नसतं, हे मी तिथे शिकले. कात्री असो की चिमटा, दुसऱ्याने धुऊन दिलेला मी पुन्हा धुवायची. बाकीच्या बायका नाकं मुरडायच्या. पण माझ्या हातून गेलेल्या हत्याराने एकाही माणसाची जखम चिघळली नाही, हे मोठे डॉक्टर चारचौघांत सांगायचे, आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची.

म्हणून तर निवृत्त होऊन घरी आल्यावर वस्तीच्या पाणी समितीने नमुन्याची बाटली माझ्या हाती दिली.

आमची वस्ती उतारावर आहे, सव्वाशे घरांची. खाली विहीर आणि पंपाची खोली, वर टाकी. पंप पाणी वर चढवतो आणि टाकीतून ते नळांनी घरोघर उतरतं. टाकीखालचं पहिलं घर आमचं. सगळ्यात ताजं पाणी आम्हाला मिळतं, असं मी आल्यागेल्याला सांगायची. पंप, टाकी आणि पाण्यात औषध घालण्याचं काम माझ्या धाकट्या दिरांकडे. मी त्यांना भाऊजी म्हणते, वस्ती त्यांना टाकीवाले म्हणते. माणूस तसा वाईट नाही, पण अघळपघळ. शर्टाचं एक बटण कायम गायब, नखांत ग्रीस, आणि काही विचारलं की आधी डोकं खाजवणार, मग बोलणार.

दर महिन्याला नळाचं पाणी बाटलीत भरून सकाळच्या बसने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं असतं. तीनचार दिवसांनी कागद येतो. त्यावर शिक्का असतो, ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’. आधी हे काम भाऊजीच करायचे. त्यांच्या हातचे लागोपाठ दोन नमुने अयोग्य आले, तेव्हा मास्तर माझ्याकडे आले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आणि समितीच्या अध्यक्षपदावरून कधीच निवृत्त न होणारे.

“ताई, त्याचे हात बघितलेत ना?” मास्तर म्हणाले. “त्या हातांनी भरलेलं पाणी चांगलं कसं येईल? पाण्यात दोष नाही, दोष हातात आहे. हे काम तुमच्यासारख्याचं.”

मला ते शंभर टक्के पटलं.

भाऊजी बाटल्यांचं खोकं घेऊन आले. ओट्यावर ठेवलं, डोकं खाजवलं. “वहिनी, नळ आधी दोन मिनिटं वाहू द्यायचा. मग काडेपेटीने नळाच्या तोंडाला जाळ द्यायचा. बाटली धुवायची नाही. भरायची, बूच लावायचं, डब्यात ठेवून बसवाल्याकडे द्यायची.”

“धुवायची नाही?”

“नाही. असं सांगितलंय त्यांनी.”

“का?”

“ते काही मला माहीत नाही.”

घ्या! आळशाला निमित्त पुरतं. ते गेल्यावर मी एक बाटली उघडली. वरून कागद बांधलेला, दोरा, सगळं झकास. आणि तळाशी बघते तर काय, चिमूटभर पांढरी भुकटी चिकटलेली. मी उजेडात धरून दोनदा पाहिलं. साबणाची पूड असणार, दुसरं काय! शहरातली पोरं नुसती बाटली बुडवून काढतात आणि विसळायचा कंटाळा करतात. असल्या बाटल्यांवर आमच्या पाण्याचा न्याय होणार होता. मी पाणी खळखळ उकळलं, बाटली तीनदा विसळली, बूचसुद्धा उकळलं, स्वच्छ फडक्यावर पालथी घालून वाळवली आणि मग नमुना भरला.

कागद आला, ‘पिण्यास योग्य’.

पुढच्या महिन्यात पुन्हा योग्य. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मास्तरांनी कागद दुकानाबाहेरच्या फळ्यावर लावायला सुरुवात केली. बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, तुम्ही बाटली हातात घेतली आणि आपलं पाणी सुधारलं. मी म्हणायची, मी कुठे काय केलं. पण घरी आल्यावर त्या कागदाची दुसरी प्रत डब्यात ठेवताना मला फार बरं वाटायचं. असे चौदा कागद जमले.

आता ठकूबद्दल सांगते. ठकू माझी नात, चार वर्षांची. मुलगा माझा बोटीवर, वर्षातले दहा महिने समुद्रात. घरात मी, सून आणि ठकू. पोरगी इतकी बडबडी की झोपेतही कुणाला तरी रागावते. त्या वर्षी तिचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं. पहिल्यांदा आम्ही म्हटलं काहीबाही खाल्लं असेल. दुसऱ्यांदा म्हटलं हवा बदलली. तिसऱ्यांदा ती चार दिवस अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता आणि ती कुणालाच रागावत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, “पाणी बघा एकदा.”

घरी येताना सून म्हणाली, “आई, आपण पाणी उकळून प्यायचं का? निदान ठकूपुरतं?”

मी रस्त्यातच थांबले. “पाण्याचा कागद कोण आणतं?”

“तुम्ही.”

“बाटली कोण भरतं?”

“तसं नाही आई, मी आपलं...”

“सगळी वस्ती माझ्या कागदावर पाणी पिते आणि माझ्याच घरात पाणी उकळायचं? उद्या बायका काय म्हणतील? हिच्या सुनेचाच हिच्यावर विश्वास नाही.”

 पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीही विसरले, म्हणजे तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

पण ठकूचं काय? पाणी चांगलं असेल तर पोर पुन्हापुन्हा आजारी का पडते? मी एकेकाला तपासायला घेतलं. दूधवालीच्या कॅनमध्ये तिच्या देखत डोकं घालून वास घेतला. ती दोन दिवस आमच्या दारात आली नाही. शेजारणीने ठकूला बिस्कीट दिलं तर मी पुड्यावरची तारीख वाचली. तेव्हा शेजारणीने सांगितलं की तिच्या मुलाचंही पोट महिनाभर ठीक नाही. समोरच्या घरातही तेच. मी मनातल्या मनात घरं मोजली. सगळी टाकीजवळची. खालच्या टोकाला, शेवटच्या आळीत, कुणाला काही नव्हतं. बायका म्हणायला लागल्या, वरच्या आळीत काहीतरी साथ आहे. एकीने तर माझ्या स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हटलं. मला इतका संताप आला की बोलायची सोय नाही.

आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. नमुना घ्यायचा दिवस ठरलेला, महिन्यातला पहिला सोमवार. भाऊजींना तो माहीत. म्हणजे त्या दिवशी पाण्यात औषध पडतं आणि बाकीचे दिवस भाऊजी ढाराढूर झोपतात! कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं, आता कुठे ते दिसायला लागलं.

एका बुधवारी पहाटे साडेपाचला मी हातात दुधाची किटली घेऊन टाकीकडे गेले. मुद्दाम किटली, कुणी विचारलं तर सांगायला. भाऊजी तिथे होते. टाकीच्या पायाशी उकिडवे बसून बादलीत ब्लीचिंग पावडर कालवत होते. नाकात वास जाऊन मला ठसका लागला असता, मी पदर धरून ठेवला. त्यांनी गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढलं, ती बादली हाताला अडकवून शिडी चढले, टाकीत ओतली आणि खाली आले ते एक पिशवी घेऊन. खाली आल्याबरोबर घड्याळ बघितलं आणि मोठं चाक फिरवून पाणी सोडलं.

“भाऊजी!”

माणूस केवढा दचकला. “वहिनी? तुम्ही इथे?”

“पिशवीत काय आहे?”

“काही नाही.”

‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाची पिशवी मी सोडणार होते होय? मी हात पुढे केला. त्यांनी डोकं खाजवलं आणि पिशवी उघडून दाखवली. आत ओली पिसं होती, काटक्या होत्या, आणखीही काहीतरी होतं, ते मी नीट पाहिलं नाही.

“टाकीचं झाकण गंजून एका बाजूने आत पडलंय,” ते म्हणाले. “पाखरं आत शिरतात. मी रोज जाळीने काढतो, पण किती काढणार? मास्तरांना तीनदा सांगितलं. झाकण बदला, टाकी रिकामी करून घासून घ्या. ते म्हणतात, कागद तर योग्य येतोय, मग खर्च कशाला? आणि लोकांना उगाच घाबरवू नकोस म्हणतात.”

मी मान वर करून पाहिलं. खालून झाकण दिसत होतं, जागच्या जागी. शिडी चढणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. आणि चढायची गरज तरी काय होती? पाण्यात पिसं कुजत असती तर माझ्या चौदा कागदांपैकी एक तरी बोलला असता. पिसं काय, रानात कुठेही मिळतात. माझा चौदा कागदांवर विश्वास होता, पिशवीभर पिसांवर नव्हता.

“औषध रोज घालता?”

“रोज. तुम्ही बघितलंत आत्ता.”

“मी येणार हे तुम्हाला कळलं असेल.”

“वहिनी,” भाऊजींचा आवाज एकदम वेगळा झाला, “ठकू माझी कुणीच नाही का?”

 खरं सांगायचं तर मला वाटलं, बघा, आता रडकुंडीला येऊन विषय बदलतायत.

“असं करा,” ते म्हणाले. “एक बाटली तुम्ही भरा, एक मी भरतो. तुमच्याच घरच्या नळाला, तुमच्या डोळ्यांसमोर. दिवस तुम्ही ठरवा, मला आधी सांगूही नका. दोन्ही एकाच बसने जाऊ द्या.”

त्यांनी असं म्हणावं याचंच मला नवल वाटलं. मी घरी गेले, माझी बाटली रीतीप्रमाणे तीनदा उकळत्या पाण्याने विसळून वाळवली आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी नळाला पाणी आल्या आल्या त्यांना बोलावणं पाठवलं. नळाला जाळ मी दिला. आधी माझी बाटली भरली. मग त्यांनी खोक्यातली एक कोरी बाटली उचलली, दोरा सोडला आणि सरळ नळाखाली धरली.

“धुतलीसुद्धा नाही?”

“धुवायची नसते वहिनी.”

त्यांच्या बाटलीच्या तळाशी ती पांढरी भुकटी पाण्यात विरघळताना मला दिसली.  मनात म्हटलं, बरं झालं, आपल्याच हाताने उघडे पडतायत. दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या मी लावल्या. बसवाल्याच्या हातात डबा मी दिला. तोपर्यंत माझी नजर भाऊजींच्या हातांवरून हलली नव्हती.

चौथ्या दिवशी दोन कागद आले. माझा पिण्यास योग्य. भाऊजींचा पिण्यास अयोग्य, आणि शेजारी लाल शाईत ‘तातडीचे’ असं लिहिलेलं.

एकच नळ, एकच वेळ. मग फरक कुठून आला? मास्तरांनी समितीच्या खोलीत दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. “याचा अर्थ एकच होतो. झाकणाचं म्हणणं खरं करून दाखवायला याने बाटलीत काहीतरी टाकलं.”

“मी वहिनींसमोर भरली,” भाऊजी म्हणाले. “वहिनी, सांगा ना. मी काही टाकलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही टाकताना पाहिलं नव्हतं. पण बाटली कोरी होती की आधीच बिघडवलेली, हे मला काय ठाऊक? त्यांची नखं तर सगळ्यांना दिसत होती.

“टाकताना नाही पाहिलं,” मी म्हणाले. “पण यांच्या हातचं काही मी सांगू शकत नाही.”

एवढं पुरलं. मास्तरांनी किल्ल्या मागितल्या. भाऊजींनी पंपाच्या खोलीची, टाकीच्या फाटकाची आणि औषधाच्या कोठीची अशा तिन्ही किल्ल्या कडीतून एकेक काढून टेबलावर ठेवल्या. अठरा वर्षांत त्यांनी कधी एक दिवस पंप बंद ठेवला नव्हता. दारात जाऊन ते वळले.

“वहिनी, माझं राहू द्या. ठकूला पाणी उकळून देत जा.”

“आमच्या घरातलं आम्ही बघू,” मी म्हणाले.

हे वाक्य मी कुठल्या आवाजात बोलले ते मला अजून ऐकू येतं.

मास्तरांनी औषध घालायला कुणाला तरी लावलं. नऊ दिवसांनी ठकू पुन्हा पडली. या वेळी सकाळी सुरू झालं आणि दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. ओठ कोरडे पडले, हाक मारली तरी मान वळवेना. डॉक्टरांनी बघितलं आणि स्वतःच्या गाडीत घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सून सगळ्या वाटेत तिचा हात धरून बसली होती. मी पुढच्या सीटवर होते आणि माझ्या मनात एकच भीती होती, ही पोरगी आता राहत नाही.

रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. सकाळी नर्सने सलाइनची तिसरी बाटली लावली आणि म्हणाली, धोका टळलाय, पण असं पुन्हा झालं तर तिच्या अंगात ते सोसण्याएवढं बळ उरलेलं नाही. सून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. मला झोप कुठली? मला चीड आली होती. कुणीतरी याला जबाबदार होतं आणि मला ते कागदावर हवं होतं. प्रयोगशाळा त्याच दवाखान्याच्या मागच्या अंगणात आहे, हे पाटीवरून कळलं. मी तडक तिथे गेले.

दोन खोल्या, पांढऱ्या फरशा, खिडकीशी लांब टेबल. चाळिशीच्या एक बाई चष्मा कपाळावर सरकवून वहीत काही लिहीत होत्या. मागे फळीवर आमच्यासारख्या बाटल्यांच्या रांगा. खोली स्वच्छ होती, हे मला कबूल करावं लागलं. मी वस्तीचं नाव सांगितलं, नंबर सांगितला.

“हो, दोन बाटल्या एका दिवशी आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “एक चांगली, एक अगदी वाईट. मलाही कोडंच पडलं. तातडीचे म्हणून लिहिलं होतं मी.”

“त्या वाईट बाटलीत मुद्दाम घाण घातली होती. तसं मला तुमच्या सहीने लिहून हवंय.”

“असं कसं लिहून देणार? मला तसं काही दिसलं नाही. जंतू होते, ते पाखरांच्या विष्ठेतून येतात तसले.”

“मग तुमच्या बाटलीतच काही असेल,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “तुमच्या बाटल्या तरी कुठे स्वच्छ असतात? प्रत्येक बाटलीच्या तळाशी साबणाची पूड! चौदा महिने मी ती घाण उकळत्या पाण्याने धुऊन काढतेय, तीनतीनदा, म्हणून तर आमचे नमुने चांगले येतात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही बाटली धुता?”

“अर्थात.”

“प्रत्येक वेळी?”

“एकतीस वर्षं दवाखान्यात हत्यारं उकळलीत मी. मला धुवायचं कसं ते शिकवू नका.”

त्या उठल्या. मागच्या फळीवरून एक कोरी बाटली आणली, कागद सोडला आणि माझ्यासमोर ठेवली. तळाशी तीच पांढरी भुकटी. “बसा ना तुम्ही,” त्या म्हणाल्या. मी बसले नाही.

“हा साबण नाही. ही आम्ही मुद्दाम घालतो. तुमच्या पाण्यात जंतूही असतात आणि जंतू मारायचं औषधही असतं, बरोबर? बाटली बंद झाली तरी औषध आत काम करत राहतं. बसने इथे पोचायला चारपाच तास लागतात. तेवढ्या वेळात ते सगळे जंतू मारून टाकतं आणि आमच्याकडे येतं ते चांगलं पाणी. म्हणून ही भुकटी. पाणी आत पडलं की ही औषधाचा जोर तिथल्या तिथे मोडते. म्हणजे नळातून पडताना पाणी जसं होतं तसंच आम्हाला दिसतं.”

मी बाटली उचलून तळ उजेडात धरला.

“भुकटी धुतली गेली, की बाटलीतलं पाणी वाटेत सुधारतं. नळातलं नाही सुधारत. औषधाला बाटलीत पाच तास मिळतात. तुमचं घर टाकीपासून किती लांब आहे?”

“पहिलंच,” मी म्हणाले.

“मग पाणी तुमच्या घशात जाईपर्यंत औषधाला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. लांबच्या घरांपर्यंत जाता जाता त्याला वेळ तरी मिळतो. औषध घातल्यावर निदान अर्धा तास पाणी टाकीत थांबवायला हवं. तुमच्याकडे थांबवतात का?”

कसं थांबवतील? सहाला पाणी आलं नाही की सहा वाजून पाच मिनिटांनी मी भाऊजींच्या दारात उभी असायची. म्हणून तो माणूस शिडीवरून उतरल्या उतरल्या घड्याळ बघत होता.

 त्या पुढे काहीतरी म्हणत होत्या, की हे कुणाच्याही हातून होतं, की सूचनांचा कागद खोक्यात असतो. तो मास्तरांच्या फायलीत असणार. पण मला तर कागदाची गरजच नव्हती. मला त्या माणसाने माझ्या ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं, बाटली धुवायची नाही. आणि मी त्याची नखं बघितली होती.

अंगणातल्या झाडाखालून मी मास्तरांना फोन लावला. “नळ बंद करा,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. दवंडी पिटा, फळ्यावर लिहा, काहीही करा. कुणी पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. फळ्यावरचे माझे सगळे कागद काढून टाका. आणि किल्ल्या भाऊजींच्या घरी नेऊन द्या. तुम्ही स्वतः जा.”

“ताई, काय झालं काय? लोकांना मी सांगू काय?”

“सांगा, माझ्या बाटल्या खोट्या होत्या. मी त्या धुतल्या.”

“धुतल्या? मग त्यात वाईट काय झालं?”

मला ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत मी ते सगळं पुन्हा एकदा ऐकलं. शेवटी मास्तर म्हणाले, “हे समितीबाहेर जायलाच हवं का?” तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

तासाभराने भाऊजींचा फोन आला. मी उचलला. त्यांनीच विचारलं, “वहिनी, ठकू कशी आहे?”

“सलाइन चालू आहे.”

“मी टाकी रिकामी करायला घेतली आहे. चार माणसं वर आहेत. झाकण काढून खाली ठेवलंय, तुम्ही आलात की बघा. तुम्ही तिच्याजवळ बसा.” मग डोकं खाजवत असावेत तेवढा वेळ थांबून म्हणाले, “चुकलं तर चुकलं.”

मी ‘हो’ म्हणाले. माफी मागायची होती, ती राहिलीच. अजूनही धड मागितलेली नाही.

वॉर्डात आले तेव्हा सून जागी होती. ठकूच्या हाताला लावलेली पट्टी सरळ करत होती. मी तिच्याजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, भुकटीचं सांगितलं, भाऊजींचं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं, मी तिच्या जागी असते तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. ती फक्त ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “मी उकळू का म्हणून विचारलं होतं, तो कुठला महिना होता, आई?”

“तिचं तिसरं दुखणं झालं तेव्हा.”

“म्हणजे हे चौथं झालं नसतं.”

मी मान खाली घातली. 

संध्याकाळी ठकूने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, सलाइनच्या नळीकडे बघून कपाळाला आठी घातली आणि बारीक आवाजात म्हणाली, “आजी, पाणी.”

ती मला हाक मारत होती. मला काय वाटलं ते कसं सांगू! मी लगबगीने उठले. कपाटावर दवाखान्याचा जग होता, उकळून गार केलेल्या पाण्याचा, नर्सने माझ्यासमोर भरून ठेवलेला. मी पेला घेतला, विसळला, पुन्हा विसळला, भरला आणि ठकूच्या ओठांकडे नेला.

सुनेने मधेच माझं मनगट धरलं. पेला माझ्या हातातून काढून घेतला. खिडकीच्या उजेडात वर धरून तळ पाहिला, वास घेतला. मग उठली, सगळं पाणी मोरीत ओतलं, पेला स्वतःच्या हाताने धुतला आणि जगमधून पुन्हा भरला.

ती नजर मी ओळखली. एकतीस वर्षं, दुसऱ्याने धुऊन दिलेल्या प्रत्येक कात्रीकडे मी तशीच बघत आले होते.

ठकू आईच्या हातून घोट घोट पाणी प्यायली. मी हात पदराला पुसले आणि स्टूल थोडं मागे सरकवलं.